सासूकडून शिकलेलं गाणं

देवाजी पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचा. गेल्या वर्षी गावी त्याची आई वारली, तेव्हा अग्नी देताना त्याच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. गडी खंबीर आहे, असं पाहुणे म्हणाले. त्यालाही ते खरंच वाटलं.

हुडको वसाहतीतल्या मंडळाच्या कार्यक्रमात आपली बायको सिंधुताई गाणार, हे त्याला आदल्या दिवशी कळलं. लग्न झालं तेव्हा ती स्वयंपाक करताना गायची. एकदा रात्रपाळीवरून आल्यावर त्याने ताट भिरकावलं होतं, "झोपू देतं का नाही?" त्यानंतर वीस वर्षं त्याने तिचा सूर ऐकला नव्हता.

सिंधुताई माईकसमोर उभी राहिली आणि तिने जात्यावरची ओवी धरली. सासरी निघालेली लेक बांधावर थांबून मागे वळून पाहते, अशी. ही ओवी त्याच्या आईची होती. दळताना ती शेवटचा शब्द असाच ओढायची. देवाजीने तोंडावर रुमाल दाबला, पण आतून आलेला हंबरडा काही थांबला नाही. पुढच्या रांगा वळून पाहू लागल्या. सिंधुताई गात राहिली.

कार्यक्रम संपल्यावर शेजारच्या क्वार्टरमधल्या बेबीताई जवळ आल्या. "आमी तं रोजच आयकतो भाऊजी, भिंतीपल्याडून. तुमाले आजच कसं भरून आलं?"

रोज म्हणजे? देवाजी तसाच बाहेर आला. स्कूटरपाशी त्याने बायकोला विचारलं, "तू घरी गात होती? कवा?"

"तुमी ड्युटीवर गेल्यावर." सिंधुताईने पदर खोचला. "सासूबाई येऊन राहत, तवा त्याच शिकवत. म्हणत, त्याले नको सांगू, बंद करन."

देवाजीची मान खाली गेली. म्हणजे आईसुद्धा तो घराबाहेर पडायची वाट पाहत होती. कारखान्याचा भोंगा झाला की त्या दोघी मोकळ्या होत असतील.

"चुकलंच माह्यं," एवढं बोलायला त्याने तोंड उघडलं, तर पुन्हा रडूच फुटलं. लोक जाता-जाता बघत होते.

"रडून घ्या," सिंधुताई म्हणाली. "मंग निघू."

ती शेजारी उभी राहिली, पण तिने त्याच्या पाठीवर हात काही ठेवला नाही. उद्यापासून माझ्यासमोर गात जा, असं म्हणायची देवाजीला हिंमत झाली नाही.