टॉवेलची लव

जोर गेलेल्या इंजिनाचं विमान ऋतुजानं काल धावपट्टीच्या कुंपणापलीकडच्या, ज्वारी काढलेल्या रानात उतरवलं. विमान शाबूत, तीही शाबूत, आणि नेमकं हेच नंदीशच्या डोळ्यांत सलत होतं.

तो सोलापूरच्या फ्लाइंग क्लबचा मेकॅनिक. “इंजिनाला काय धाड भरली न्हवती, मॅडमच घाबरल्या,” असं तो सकाळपासून सांगत सुटला होता. ‘मॅडम’ म्हणताना ओठ असा मुडपायचा की ऐकणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी. ऋतुजानंही मग त्याला अण्णा म्हणणं सोडून दिलं.

क्लबचं दुसरं विमान बाहेर उन्हात उभं होतं. ऋतुजाची विद्यार्थिनी संस्कृती आज त्यातून पहिल्यांदा एकटी उडणार होती. काल काय बिघडलं ते कळेपर्यंत तिला सोडू नका, असं ऋतुजानं क्लबचे मालक पृथ्वीराज यांना विनवलं. ते फोनमधून मान वर न करता म्हणाले, “तुमची चूक झाकायला त्या पोरीचा दिवस घालवू नका.”

ट्रॅक्टरनं ओढून शेडमध्ये आणलेल्या विमानापाशी ती तणतणत गेली. इंजिन चालू केलं. हळू चालवलं की गुणी बाळासारखं चालायचं, पूर्ण जोर मागितला की मान टाकायचं. स्पार्क प्लगची ठिणगी तपासली, ठीक. नंदीशनं टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काढून बाटली तिच्या नाकासमोर धरली.

“बघा की. पान्याचा थेंब न्हाय.”

“कार्बुरेटरला जाणारी पेट्रोलची नळी सोड. खाली बादली धर.”

धार जोमात पडली आणि बघता बघता दोऱ्याएवढी झाली. टाकीत तर पेट्रोल भरपूर होतं. मग टाकीतून नळी निघते तिथली गाळणी काढायला लावली, तर तिच्यावर पांढऱ्या लवेचा जाड थर बसलेला.

नंदीशची नजर खिळ्यावरच्या नव्याकोऱ्या टॉवेलाकडे गेली. आपल्याकडे कुणाचाही सत्कार टॉवेल-टोपीनं होतो. मागच्या महिन्यात क्लबनं त्याचा केला होता.

“नरसाळ्याची जाळी फाटली हुती,” तो म्हणाला. “मग ह्यातनं गाळत हुतो. कोरा हाय की.”

“कोराच लव सोडतो. आज संस्कृतीच्या विमानातही ह्यातूनच भरलंस?”

त्यानं टॉवेल खिळ्यावरून ओढून पाठीमागं लपवला. ते पाहून ऋतुजाला त्याची किळस आली. बाहेर दुसरं इंजिन घरघरू लागलं.

ती धावत सुटली. पंख्यापासून लांब, पण संस्कृतीला दिसेल अशी, थांबण्याची खूण म्हणून दोन्ही हातांची डोक्यावर फुली करून उभी राहिली. पृथ्वीराज मागून शिव्या घालत आले. संस्कृतीनं इंजिन बंद केलं आणि रडवेल्या रागानं खाली उतरली.

“तुमचं बंद पडलं म्हणून माझंपण थांबवायचं का, मॅम?”

ऋतुजा मागून आलेल्या नंदीशकडं वळली. “गाळणी काढ,” ती म्हणाली. त्यानं मालकांकडं पाहिलं. मालकांनी नजर फोनमध्ये घातली, तेव्हा त्यानं पाना उचलला, टाकी रिकामी केली आणि गाळणी काढली. तीच लव, थर अजून तेवढा जाड नाही, पण सगळीकडून धरलेली.

संस्कृतीचा चेहरा उतरला. पृथ्वीराज म्हणाले, “हे बाहेर कुठं बोलू नका.”

ऋतुजानं ती ओली लव बोटांनी खरवडली आणि नंदीशच्या तळहातावर ठेवली.

“धर,” ती म्हणाली. “संस्कृतीची आई संध्याकाळी तिला न्यायला येते. ही काय म्हणून दिली असतीस तिच्या हातात?”