उघडी कूस

घोडेगावच्या नौशाद सरांकडे स्नेहल दर रविवारी लॅटिन शिकायला जाई. पुण्याला जाऊन प्राचीन इतिहास शिकायचा, हे तिच्या मनानं घेतलं होतं. सर निवृत्त झालेले. घाई त्यांना माहीत नव्हती. त्या रविवारी धडा होता जहाजांतून परक्या मुलखात उतरणाऱ्या रोमन फौजेचा. 'नाविस' म्हणजे जहाज, 'लीतुस' म्हणजे किनारा, 'फुंडा' म्हणजे गोफण, 'वुल्नुस' म्हणजे जखम.

"सैनिक छातीएवढ्या पाण्यात उड्या टाकतात. पाय ठरत नाही, आणि काठावरचे त्यांना कापून काढतात. सेनापती काय करतो, बेटा?"

"माघार घेतो?"

"काही जहाजं बाजूला वळवतो. काठावरच्यांची ढाल डाव्या हातात, म्हणून त्यांची उजवी कूस उघडी. 'लातुस आपेर्तुम'. तिथून गोफणी चालवतो."

स्नेहलनं सगळं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ गोरख काठ्या गोळा करत होता. पलीकडच्या वाडीनं त्याची मासळीची जाळी ओढून नेली होती. धरणाआधी दोन्ही वाड्या मिळून एकच गाव. गाव बुडालं तेव्हा अर्धी माणसं या काठाला आली, अर्धी त्या काठाला गेली. सोयरीक राहिली, पाण्याच्या हद्दीचं भांडणही राहिलं.

"त्याच्यासंगं जा," आई प्रयागबाई स्नेहलला म्हणाली. "तुझं ऐकंल. जित्ता घिऊन ये."

पण त्यानं ऐकलं नाही. दोन होड्यांतून नऊजण निघाले. उन्हाळ्यानं पाणी खाली गेलेलं, पलीकडच्या काठाला उथळ पाण्याखाली नुसता गाळ. गोरखनं पुढच्या होडीतून उडी टाकली आणि तो कमरेपर्यंत रुतला. काठावर पंधरा-वीस माणसं उभी होती. पहिली काठी त्याच्या खांद्यावर बसली तो आवाज मागच्या होडीत ऐकू आला. त्याच्यामागून उतरलेल्याचे पुढचे दात गेले. तिसऱ्याच्या हातावर कोयता पडला आणि पाणी लाल झालं. मग दोघांनी बांबूनं गोरखचं डोकं पाण्याखाली दाबलं. ते वर आलं, पुन्हा दाबलं. दुसऱ्यांदा ते लवकर वर येईना.

मागच्या होडीत स्नेहलशेजारी ऋषी होता, पाखरं हाकायची गोफण घेऊन.

"होडी बाजूला घ्या," ती म्हणाली. "त्यांच्या उजव्या अंगाला."

"आगं, गोरख तिकडं मरतोय, आन् तू..."

"घ्या म्हणते ना. ते सगळे समोर बघतायत. बाजूनं मारा."

होडी वळली. तळाशी जाळ्यांना बांधायचे दगड होते. ऋषीनं एक गोफणीत घातला, गरगरा फिरवला आणि सोडला. दुसरा. तिसरा. एकाची नडगी फुटली, एकाच्या कपाळातून रक्ताची धार लागली. बांबूवाले बांबू टाकून पळाले. गोरखला वर ओढलं. तो चिखल ओकला आणि श्वास घेऊ लागला.

"लई भारी, राव," ऋषी हसला. "पंडितीणबाई लढाईला पन चालतात."

स्नेहल काठाकडे बघत होती. गर्दीच्या अगदी कडेला तिचा आत्तेभाऊ दादाभाऊ पडला होता. त्याच्या हातात काठी नव्हती. भांडण नको म्हणून तो बाजूला उभा राहिला असावा. कडेला तशीच माणसं उभी राहतात. त्याचा उजवा डोळा होता तिथं आता फक्त रक्त होतं, आणि तो लहान मुलासारखा आईला हाका मारत होता.

ती होडीतून उतरली.

"स्नेहल, माघारी ये," गोरख घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मारतील तुला."

गाळातून हातांनी वाट काढत ती काठावर पोचली, दादाभाऊचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि ओढणी डोळ्यावर दाबली. ओढणी लगेच भिजली. समोर त्याचा बाप, गेणूमामा, कोयता घेऊन उभा.

"ह्यो दगुड कुनी मारला?"

"मारला दुसऱ्यानं, मामा. कुठं मारायचा ते मी सांगितलं."

कोयता वर गेला. तिनं मान खाली घातली, पण ओढणीवरचा हात काढला नाही. दादाभाऊनं तिचं मनगट घट्ट धरलं होतं. दुसऱ्या डोळ्यातही रक्त उतरलं होतं, कोणाचं धरलंय ते त्याला दिसत नव्हतं.

गेणूमामानं कोयता चिखलात फेकला. "जीप काढा रं, दवाखान्यात न्हेऊ," तो माणसांना म्हणाला, आणि मग तिला, "तू पन बस. थितं पोलिसाफुडं ह्येच सांग."

"सांगते," ती म्हणाली, आणि दादाभाऊचे पाय उचलायला माणसं आली तशी डोकं सांभाळत उठली.