ठस्स आवाजाचा माठ

मी एक माठ. बदलापूरच्या कुंभाराने घडवलेला, साधा, मातीचा. मला चांगलं बोलता येत नाही, पण जे पोटात आहे ते सांगतो. जरा सावकाश ऐका.

कुंभाराच्या आव्यात मी कडेला होतो, म्हणून भाजणी कमी पडली, आवाज ठस्स राहिला. उल्हासनगरच्या कॅम्पात तेव्हा सिंधी माणसं नुकती वसली होती. तिथल्या बाजारात एका बाईने बोटाच्या पेराने मला वाजवून पाहिलं. "इसमें आवाज नहीं, भाई," म्हणाली आणि खाली ठेवलं. पुढेही कोणी घेईना. शेवटी कौसाबाईने "धान्याला होईल" म्हणून मला गावी नेलं.

तिचा मुलगा आनंदा अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात कामाला. पुढे निवडणूक आली. पक्षाची उमेदवारी आनंदालाही हवी होती आणि जमीनवाल्या हिंदुरावांनाही. पक्षातली माणसं निम्मी इकडे, निम्मी तिकडे. मग ठरलं, डोंगराकडच्या वाडीतल्या, कुठल्याच पक्षात नसलेल्या माणसांना विचारायचं.

"आमी कुनाचंच नाय बा," वाडीतला म्हातारा पदू हसून सांगायचा. हिंदुरावांना वाटायचं, म्हणजे माझेच. वाडीच्या झोपड्या त्यांच्या जागेत. ती जागा वाडीच्या नावावर व्हावी, एवढंच आनंदा मागत होता. हिंदुरावांनी बांधावरून बजावलं, "ज्याचा वाल मला नाही, त्याची झोपडी माझ्या जागेत नाही."

वाल अशासाठी, की लिहिता कोणाला येत नव्हतं. मत म्हणून प्रत्येकाला एक वाल द्यायचा, घोंगडीच्या आडोशाला दोन भांडी ठेवायची. हिंदुरावांनी घरचा तांब्याचा हंडा पाठवला. आनंदासाठी कौसाबाईने मला दिलं. बाहेरून काही दिसत नव्हतं. ऐकू येतं, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पहिला देऊ आला. हंड्यात टण्ण! घोंगडीला पाठ लावून बसलेले हिंदुराव हसले. मग गोमा. माझ्याकडे बघत वाल मुठीत फिरवत राहिला. बाहेर हिंदुराव खोकले. टण्ण!

मग ठमी. घरात तिची सून बाळंतीण. झोपडी गेली तर ते पोर कुठे निजवायचं? एकदम तिने गळ्यातल्या पोतीचा एक निळा मणी तोडला आणि हंड्यात टाकला. टण्ण! वाल मात्र दोन बोटांनी अलगद माझ्या तळाशी ठेवला. मी गप्प.

बाहेर जाऊन ती मोठ्याने म्हणाली, "खाली बघून चाला गं, खडे लय हायत!"

बायका वाकल्या. हंडा वाजत राहिला आणि मी भरत गेलो.

पक्षाचे हरिचंद्र मोजायला बसले. हंड्यातून वाल थोडे निघाले, खडेच फार; माझ्यातून वालच वाल.

"हे काय?" हिंदुराव ओरडले.

"तांबं हाय, मालक. दगडाला बी ओ देतं," पदू म्हणाला.

तेवढ्यात निळा मणी घरंगळला. खड्याला मालक नसतो, मण्याला असतो. हिंदुराव वाकले. हरिचंद्रांनी मोजलेले वाल ओंजळीत गोळा केले, त्यात मणीही उचलला आणि सगळं माझ्यात ओतलं. "वालच मोजायचं ठरलं होतं, हिंदुराव. उमेदवारी आनंदाची."

त्या दिवसापासून वाडीतल्या एकाही बाईने निळी पोत घातली नाही.

ठमीने मला कौसाबाईकडून मागून घेतलं. आता मी तिच्या झोपडीत आहे. पोटात बियाण्याचे वाल, तळाशी मणी. जागा अजून नावावर झालेली नाही.

काल हिंदुराव दारात आले. काठीने मला वाजवलं. "यात काय गं?"

"बियाचं वाल," ठमी म्हणाली. नातू तिच्या कडेवर होता.

मी ठस्स बोललो. ते निघून गेले.

तुम्ही कधी वाडीत आलात तर बसा, पाणी मागा. पण जागेचा कागद होईपर्यंत मला पालथा घालू नका.