आधी थांबणारा

वखारीत दोघे भाऊ ओंडके चिरायचे. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकलेला, त्यावर थोरला उभा, खाली खड्ड्यात धाकटा, आणि मध्ये पुरुषभर उंचीची करवत. वरच्याने ती उचलायची, खालच्याने ओढायची. खालच्याला वरचा दिसत नाही. मान वर केली की डोळ्यांत भुसा. पण मुठीतून भाऊ कळतो. थोरला शिंकला तर धाकट्याच्या कोपराला समजायचं. त्यांची फळी इतकी सरळ, की तिच्यावर चढलेली मुंगी वळण मिळेना म्हणून कंटाळून परत फिरायची.

वीस वर्षं धाकट्याला एकच गोष्ट सलत होती. "थांबू या" हे दर वेळी त्यालाच म्हणावं लागायचं.

"दमलात का बाळराजे?" वरून यायचं. "पाळणा मागवू?"

अख्खी वखार हसायची. थोरला मात्र पाठ फिरवून डोक्याचा रुमाल सोडायचा आणि पुन्हा बांधायचा. त्या रुमालाला त्याला भारी वेळ लागायचा.

दादाने आयुष्यात एकदा तरी आपल्याआधी "थांबू या" म्हणावं, एवढंच धाकट्याला हवं होतं.

म्हणून त्याने झाडपाल्याचं औषध देणाऱ्या म्हातारीला गाठलं. तिने कुजक्या बुंध्यावरची अळंबी दिली. छत्रीसारखी मऊ नव्हे. लाकडागत कडक, तांबडी, वॉर्निश मारल्यासारखी चकचकीत.

"उकळून पी. थकवा जाईल."

"कुठे जाईल?" त्याने गमतीने विचारलं.

"जवळच कुठेतरी," म्हातारी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

काढा असा कडू, की ढवळताना चमच्यानेही तोंड वाकडं केलं. पण चौथ्या दिवशी धाकट्याला घाम सुटेना. आठव्या दिवशी भुशातून धूर निघाला. वखारवाल्याने पाण्याची बादली आणून ठेवली. वरून ना टोमणा, ना थांबायची भाषा. आता म्हणेल, धाकटा मनाशी म्हणायचा. या फळीला नाही तर पुढच्या.

दहाव्या दिवशी दुपारी वहिनी डबा घेऊन आली.

"भावोजी, हल्ली तुम्ही थांबतच नाही म्हणे?"

"दमतच नाही, वहिनी."

"बरं आहे." ती डब्याचं झाकण उगाच पुसत राहिली. "काल यांच्या शर्टाची बटणं मी सोडली. घास तोंडापर्यंत जाईना. वर मलाच दम, धाकट्याला सांगशील तर बघ."

"मग त्याने थांब म्हणावं. एक शब्द तर आहे."

"तो त्यांनी कधी म्हटलाय? गरजच पडली नाही. तुम्ही होतात ना."

रुमालाला एवढा वेळ का लागायचा, ते धाकट्याला तेव्हा कळलं. पण वीस वर्षांची हौस अगदी हाताशी आली होती.

"उद्यापासून थांबतो," तो म्हणाला. "आज एवढा ओंडका होऊ दे."

अर्धी फळी चिरून झाली आणि करवत वर जाताना जड लागू लागली. दादा ढिला पडला. धाकटा गालात हसला. खालूनच ढकलत, खालूनच ओढत राहिला. कान मात्र वर लावलेले: आता म्हणेल.

फळी संपली तेव्हा हाक आली, पण ती वखारवाल्याची. "अरे, थांब रे."

थोरला ओंडक्यावर गुडघे टेकून, मुठीवर छाती टाकून बसला होता. अंग गार पडलं होतं. बोटं एकेक करून सोडवावी लागली. फळीचा पहिला अर्धा भाग दोघांचा, दुसरा एकट्याचा; जोड शोधायला वखारवाल्याने तिच्यावरून नख फिरवलं, सापडला नाही.

उरलेला काढा धाकट्याने मोरीत ओतला. थकवा काही परत आला नाही. धाकटा कितीतरी दिवस रडला, पण रडून दमला नाही.

आता वर वहिनीचा भाऊ उभा असतो. अंगाने आडवा, बोलायला फटकळ. पाव फळी होते न होते तोच धाकटा खालून म्हणतो, "थांबू या."

"इतक्यात? गेले वाटतं तुमचे दिवस."

"गेले बाबा."

वखार हसते. धाकटा खड्ड्यात ताठ उभा राहतो, कोरडाठाक, आणि वरच्याचा श्वास जागेवर येईपर्यंत मुठीला हात लावत नाही.