खिळ्यावरची वर्दी

त्या बुधवारी सकाळी अण्णांनी मंजुळाच्या डब्याशेजारी पुन्हा एक चिठ्ठी ठेवली, आणि मंजुळाने मनाशी ठरवलं की आज काही झालं तरी ती वाचायची नाही.

आठवड्यातली ही तिसरी. सोमवारी होती : ‘वर्दी. तुमच्या कॉम्प्युटरने शनिवारी साडेदहापासून पावणेअकरापर्यंत कोणालाही काम करू दिलं नाही.’ खाली तारीख, सही आणि ‘पोच’ असं लिहून पुढे टिंबटिंब. मंगळवारी होती : ‘वर्दी. काल निळ्या रंगाची पावडर दहा वाजून अकरा मिनिटांनी संपली. कॉम्प्युटरला ते साडेदहाला कळलं.’ पुन्हा पोच, पुन्हा टिंबटिंब. स्वतःच्या मुलीला ‘तुमच्या’!

“अण्णा, आपण एका घरात राहतो. तोंडाने सांगा ना.”

“तोंडाने सांगितलेलं हवेत जातं,” अण्णा म्हणाले. “पोच?”

“मला उशीर होतोय.”

तिने चिठ्ठी प्रोग्रामच्या छापील कागदांच्या गठ्ठ्यात खुपसली आणि चपला घातल्या. अण्णांनी चिठ्ठीची कार्बनची प्रत नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला टोचली.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात अण्णा सव्वीस वर्षं स्टोअरकीपर होते. मंजुळा माजिवड्याच्या एका कंपनीत प्रोग्राम लिहायची. त्र्याण्णव साली त्या कंपनीला काम मिळालं ते नेमकं अण्णांच्याच कारखान्याचं. शेठनी एक मोठं मशीन आणि पाच टर्मिनल घेतली होती. चाचणी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत. तोवर प्रोग्राम नीट चालला नाही, तर सगळं परत न्या, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. आणि हे काम अंगावर घेतलं होतं मंजुळानेच, कंपनीतल्या सगळ्या पुरुषांच्या आधी हात वर करून.

तिचा प्रोग्राम साधा होता. दर अर्ध्या तासाने तो कारखान्यातल्या अकराशे वस्तूंच्या नोंदी एकेक करून बघायचा. तू संपलीस का? तू? आणि तू? तेवढा वेळ पाचही पडदे गोठायचे. खरेदीच्या टेबलावरच्या मालूताई हात मांडीवर ठेवून चहा मागवायच्या. “गेलं गं तुझं मशीन गस्तीला! आता शिट्टी वाजवत परत येईल तेव्हा बघू.”

गस्त संपली की पुढच्या गस्तीपर्यंत काहीही घडो, मशीनला पत्ता नसायचा. दोन गस्तींमधला वेळ कमी करावा तर पडदे कायमचेच गोठायचे. वाढवावा तर माल संपून कामगार बसून राहायचे.

“तू विचारत का बसतेस?” अण्णांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. “वर्दी घे.”

त्यांची वर्दीची पद्धत सगळ्या कारखान्याला पाठ होती. अ‍ॅसिडचं पिंप उघडलं की उघडणाऱ्याने चिठ्ठी लिहायची : पिंप उघडलं. बस. खाली तीन कार्बन. एक प्रत खरेदीला, एक लॅबला, एक फायर ऑफिसरला आणि शेवटची स्टोअरमधल्या खिळ्यावर. खरेदीने नवं मागवायचं की नाही ते खरेदीने ठरवावं. लॅबने नमुना घ्यायचा की नाही ते लॅबने. ‘मागवा’, ‘तपासा’ असं कोणी लिहिलं की अण्णा ती चिठ्ठी परत पाठवायचे. “घडलं ते लिही. काय करायचं ते ज्याचं त्याला कळतं.” फायर ऑफिसरची जागा एकोणनव्वदमध्ये नवीनच निघाली, तेव्हा अण्णांनी एक कार्बन वाढवला. पिंप उघडणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. आणि ज्याला प्रत मिळाली त्याने पोच म्हणून सही केल्याशिवाय खिळ्यावरचा कागद हलायचा नाही.

मंजुळाला हे ऐकून संताप यायचा. विज्ञानाची पदवी, त्यावर कॉम्प्युटरचा दीड वर्षाचा कोर्स, आणि हे कार्बन पेपर घेऊन तिला प्रोग्राम शिकवणार. त्यात ‘पोच’ हा शब्द तिच्या लहानपणापासून डोक्यात जायचा. दूधवाला उद्या येणार नाही, तुळसामावशी रविवारी येणार, मीटरवाला येऊन गेला. घरातही चिठ्ठी आणि घरातही पोच. आई होती तोवर ती हसून म्हणायची, “पोचलं हो, पोचलं!” मंजुळा कधीच म्हणाली नाही. ती ‘हूं’ म्हणायची, ‘बघते’ म्हणायची, नाहीतर ‘मला काय वाचता येत नाही का?’

त्या बुधवारी संध्याकाळी सात वाजता ती खोलीत गुडघ्यावर कागद घेऊन बसली होती. अण्णा दारात येऊन उभे राहिले.

“मंजू, सकाळची पोच राहिली.”

तिने मान वर केली नाही. “उद्या, अण्णा. प्लीज.”

ते क्षणभर थांबले. “बरं,” म्हणाले आणि कुकर लावायला गेले.

गुरुवारी सकाळी साडेअकराला अण्णा स्टोअरमध्ये रॅकला धरून खाली बसले ते उठले नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तेराव्यानंतर मंजुळा कामावर गेली. वीस तारखेला बारा दिवस उरले होते. साहेब म्हणाले, दुसऱ्या कोणाला देऊ का? ती नको म्हणाली. तिने जुना प्रोग्राम पडद्यावर आणला, अर्धा तास त्याच्याकडे बघितलं आणि सगळा बाजूला सारला. जुना छापील गठ्ठा तिने रद्दीच्या ढिगावर टाकला. त्याच दुपारी रद्दीवाला येऊन गेला.

मग तिने अण्णांचं म्हणणं लिहायला घेतलं. जे घडलं ते एका जागी, घडलं त्या क्रमाने, नुसतं नोंदवायचं. नोंद पडली की ती ज्याला ज्याला हवी त्याच्याकडे जावी. नोंदवणाऱ्याने कोणाकोणाला कळतंय याची काळजी करायची नाही. घेणाऱ्याने पुढचं आपलं आपण बघायचं. घेणाऱ्याचं टर्मिनल बंद असेल तर नोंद त्याची वाट बघत थांबेल, पुसली जाणार नाही. तिला अण्णांचा राग येत होता. एवढं बरोबर होतं, तर भांडून गळी का नाही उतरवलंत? चिठ्ठ्या कसल्या लिहीत बसलात?

एकोणीस तारखेला शेठ पडद्यासमोर बसले. पहिल्याच ओळीवर अडकले.

“वर्दी? युनिफॉर्मचा इथे काय संबंध? तो तर गेटवरच्या गुरख्याचा!”

मालूताई फस्सकन हसल्या. “शेठ, वर्दी म्हणजे खबर. अण्णांच्या चिठ्ठ्या.”

“अच्छा, ती वर्दी,” शेठ म्हणाले.

भट्टीजवळच्या टर्मिनलवर तानाजी बसला होता. अण्णांच्या हाताखाली तो चौदा वर्षं होता. त्याने एका बोटाने टाइप केलं : पिंप उघडलं. त्याच क्षणी मालूताईंच्या पडद्यावर ओळ उमटली, लॅबमध्ये उमटली. एकही पडदा गोठला नाही.

“माझ्या ठाण्याच्या गोदामाला पण कळलं पाहिजे,” शेठ मुद्दाम म्हणाले. गोदामाचं टर्मिनल अजून यायचं होतं. मंजुळाने यादीत एक नाव वाढवलं आणि पुन्हा टाइप करायला सांगितलं. गोदामाच्या नावावर ओळ जाऊन थांबली. तानाजीला काहीच वेगळं करावं लागलं नाही.

“चहा मागवायला आता निमित्त नाही राहिलं,” मालूताई म्हणाल्या. शेठनी मान डोलावली. मशीन राहणार होतं.

सगळे उठले तसा तानाजी जवळ आला. “ताई, एक विचारू? ह्याच्यात पोच नाही आली तर काय होतं?”

“नोंद तशीच राहते. जपून.”

“राहते ते बरोबर. पण अण्णांचा खिळा काय नुसता जपून नव्हता ठेवत. चार वाजले की अण्णा बिनसहीचे कागद काढायचे आणि स्वतः जायचे एकेकाकडे. समोर उभे राहायचे. तुमच्यात समोर कोण उभं राहणार?”

मंजुळाने पडदा बंद केला. समोर उभं राहणं म्हणजे काय, ते तिला माहीत होतं. संध्याकाळी सात वाजता, दारात.

ती तशीच घरी आली. पाच वाजले होते. त्या खिळ्याकडे तिने महिनाभर पाहिलं नव्हतं. सोमवारची आणि मंगळवारची, दोन्हींवर तिने रागारागाने सही मारली होती, म्हणून त्या गेल्या होत्या. दारामागे एकच कागद होता. कार्बन झिजलेला, अक्षर पुसट.

‘वर्दी. काल संध्याकाळी जिना चढताना छातीत दुखलं. दोन मिनिटं पायरीवर बसलो. मग थांबलं.’

खाली तारीख, सही. पोच, आणि टिंबटिंब.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. पांढरी मूळ चिठ्ठी रद्दीत गेली होती, घडीसुद्धा न उलगडता.

“अण्णा!” ती मोठ्याने म्हणाली. रिकाम्या घरात तिचा आवाज तिलाच कर्कश वाटला. “चला डॉक्टरकडे, एवढं लिहायचं होतंत! दोन शब्द! ते सुद्धा तुमच्या नियमात बसत नव्हते? घडलं ते लिहिलंत आणि काय करायचं ते मला कळेल म्हणालात. मला? मी वाचत नाही हे दिसत नव्हतं तुम्हाला? दारात आलात, उभे राहिलात, मी उद्या म्हटलं आणि तुम्ही ‘बरं’ म्हणालात! कारखान्यात कोणाला कधी ‘बरं’ म्हणालात का हो तुम्ही?”

खिडकीतून शेजारच्यांनी वाकून पाहिलं असावं. पाहू देत.

बऱ्याच वेळाने तिने पर्समधून पेन काढलं. उद्या सकाळी जाऊन प्रोग्राममध्ये भर घालायची होती : तासाभरात पोच आली नाही, तर वर्दीने पडद्याच्या मधोमध यावं, आणि सही होईपर्यंत हलू नये. बरं म्हणू नये. पण ते उद्या. तिने खिळ्यावरचा कागद दारावर सपाट धरला आणि टिंबांवर सावकाश पूर्ण नाव लिहिलं. कागद काढून घडी केली.

“पोचलं, अण्णा,” ती म्हणाली. “पोचलं.”