सावरपाड्याच्या फाटकावरचा दरफलक

मी सावरपाड्याच्या फाटकावरचा दरफलक. खडवली स्टेशनपासून आत तेरा किलोमीटर आलात की डांबरी रस्ता सोडून डावीकडे एक अरुंद वाट फुटते. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, शेवटाकडे ओढ्यावरची एक मोरी, आणि दीड किलोमीटरवर जंगलाचं फाटक; पाडा त्याच्या पलीकडे. तिथे दोन लोखंडी पायांवर मी उभा आहे. माझ्या अंगावरच्या एका ओळीपायी एक माणूस गेला, असं मला वाटतं. पाड्यातली माणसं तसं म्हणत नाहीत. पण त्या दिवशी मी तिथेच होतो, म्हणून सांगतो.

माझा जन्म विठ्ठलवाडीचा. मधु पेंटरने पत्रा कापला, लाल प्रायमर मारला, वर पांढरा रंग दिला आणि हिरव्या अक्षरांत चार ओळी लिहिल्या. दुचाकी दहा रुपये. चारचाकी तीस. डोंगर चढायचा तर माणशी वीस. तंबू ठोकायचा तर रात्रीचे शंभर.

लिहिता लिहिता मधुने विचारलं, की जंगलात जायला पैसे कसले? मला न्यायला विश्रामभाऊ आले होते. ते पाड्याच्या वन समितीचे अध्यक्ष. त्यांनी सांगितलं, की पावसाळ्यात दर रविवारी हजारभर माणसं येतात. बाटल्या टाकतात, ओली झाडं तोडून शेकोट्या करतात, ओढ्यात अंघोळी करतात, आणि तेच पाणी खाली पाड्यातल्या बायका भरतात. वनखात्याने आता परवानगी दिली आहे. त्या पैशांतून पाड्यातली पोरं कचरा उचलतील, वाट दाखवतील, आणि उरलं तर वरच्या झऱ्यावरून घरांपर्यंत पाइप टाकता येईल. मधुने मान हलवली आणि ‘तंबू’वरचा अनुस्वार दिला.

फाटकावर माझ्या शेजारी कलावती बसायची. प्लास्टिकचं टेबल, एक छत्री, पावतीपुस्तक आणि नावं-नंबर लिहायची वही. तिचा नवरा तानाजी शनिवारी लोकांना वर घेऊन जायचा आणि बाकीचे दिवस स्वतःच्या खाचरात असायचा. दुपारी तो तिचा डबा घेऊन यायचा, माझ्या पायाशी उकिडवा बसायचा, आणि दोघं एकाच डब्यात जेवायची. फार बोलायची नाहीत.

माणसं मला कशी वाचतात ते मी पाहत आलो आहे. आधी सगळ्यात मोठा आकडा बघतात. मग एकमेकांकडे बघतात. डोंबिवलीहून बाइकवर आलेली पोरं म्हणायची, ‘चल ना यार, दस रुपया है, दे दे.’ मोठ्या गाड्यांतली माणसं जास्त वेळ वाचायची. काही जण आनंदाने द्यायची, कलावतीला गावाचं नाव विचारायची, परतताना स्वतःचा कचरा दाखवून जायची. काहींना पैसे नडायचे नाहीत, पण विचारलेलं नडायचं.

दोन पावसाळे गेले. पाइपाचे पैसे जमत नव्हते. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात माझ्यासमोरच समितीची बैठक झाली. विश्रामभाऊंनी सुचवलं, की चारचाकीचे शंभर करू. गाडीवाल्यांना शंभर म्हणजे काहीच नाही. तानाजी उभा राहिला. तो म्हणाला, शंभर केलेत तर लोक गाड्या फाटकाच्या आत लावणारच नाहीत, वाटेवर सोडतील. वाट अडली तर पाड्याने जायचं कुठून?

त्यावर थोडं बोलणं झालं. मग हात वर करायला सांगितले. कलावतीने हात वर केला. ती रोज सहा हंडे पाणी आणायची. तिला पाइप हवा होता. तानाजीने तिच्याकडे पाहिलं, हसला आणि खाली बसला. दुसऱ्या दिवशी मधु पेंटर येऊन तीसवर पांढरा रंग मारून शंभर लिहून गेला.

जुलैच्या दुसऱ्या रविवारची गोष्ट. सकाळी साडेनऊला ठाण्याहून एक मोठी पांढरी गाडी आली. आत अनिमेष नावाचे गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी हेमांगी. दोघंही नोकरदार, बोलणं स्वच्छ, अंगावर चढाईचे चांगले बूट. अनिमेषनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं. चढाईचे चाळीस रुपये त्यांनी लगेच मोबाइलवरून दिले, वहीत नाव आणि नंबर लिहिला. गाडीच्या ओळीवर मात्र थांबले.

“हे जंगल सरकारचं आहे ना?” त्यांनी विचारलं. “म्हणजे आपल्या सगळ्यांचं. आम्ही टॅक्स भरतो. मग आपल्याच जागेत गाडी उभी करायचे शंभर रुपये का द्यायचे?”

कलावती म्हणाली, की पैसे पाड्याच्या कामाला जातात. ते म्हणाले, प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. हेमांगी हळूच म्हणाल्या, “देऊन टाक ना रे.” पण त्यांनी गाडी वळवली आणि मागे मोरीवर नेऊन लावली. मोरी माझ्यापासून दीडशे पावलांवर आहे, मला दिसते. तिथे समोरच्या बाजूला आधीच दोन छोट्या गाड्या होत्या. कलावती उठून चार पावलं पुढे गेली.

“साहेब, तिथं नका लावू. वाट अरुंद आहे.”

“तासाभरात येतो, ताई,” ते म्हणाले आणि दोघं डोंगराच्या वाटेला लागली. कलावती परत येऊन बसली, कारण तोवर पाच-सहा बाइका येऊन उभ्या होत्या.

अकराच्या सुमारास पाड्याकडून जीप आली. पाड्यात ती एकच गाडी, पोपटची. तो हॉर्न वाजवतच आला. मागच्या सीटवर तानाजी होता. लावणी करताना त्याच्या पायाला घोणस चावली होती. पाय घोट्यापासून वर सुजत चालला होता, पण तो शुद्धीवर होता. कलावती टेबल सोडून धावली. तो तिला म्हणाला, की घाबरू नको, साप मी पाहिलाय, डॉक्टरला सांगता येईल. ती त्याच्या शेजारी चढली.

जीप मोरीपर्यंत गेली आणि थांबली.

छोट्या गाड्या आठ-दहा जणांनी उचलून खाचराच्या कडेला सरकवल्या. बाइकवरची पोरंही धावली, चिखलात उतरली, त्यांनी मनापासून जोर लावला. तरी जीप निघेना. मध्ये ती पांढरी गाडी होती आणि ती उचलण्यातली नव्हती. कलावती धावत परत आली, वहीतला नंबर शोधून फोन लावू लागली. वर डोंगरात रेंज नाही. फोन क्षेत्राबाहेर होता. तिने तीनदा लावला. मग वाट दाखवणाऱ्या सुदेशला वर पळवलं.

कुणीतरी दगड उचलला आणि कलावतीकडे पाहिलं. ती म्हणाली, “फोडा.” काच फुटली. हात घालून दार उघडलं. पण गाडी ऑटोमॅटिक होती, चावीशिवाय गिअर निघत नव्हता. दहा जणांनी ढकलूनही गाडी जागची हलली नाही.

तोवर तानाजीत बाइकवर बसण्याइतकं त्राण उरलं नव्हतं. शेवटी घोंगडीची झोळी केली आणि तानाजीला खांद्यावर घेऊन सगळे डांबरी रस्त्याकडे धावले. दीड किलोमीटरभर वाट दिसते मला, पण माणसं लहान होत जातात. कलावती झोळीला हात लावून धावत होती. मग पावसाची सर आली आणि मला काही दिसेनासं झालं.

डांबरी रस्त्यावर त्यांना एक टेम्पो मिळाला, असं पोपट नंतर सांगत होता. आरोग्य केंद्रात पहिली इंजेक्शनं दिली आणि पुढे कल्याणच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मोरीवर पन्नास मिनिटं गेली होती.

साडेबाराला अनिमेष आणि हेमांगी सुदेशबरोबर खाली आले. सुदेशने त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे. फुटलेली काच पाहून अनिमेष थबकले. “कोणी फोडली?” त्यांनी विचारलं. फाटकाजवळ चहा विकणाऱ्या विमलाबाई तिथे उभ्या होत्या. त्यांनी एका दमात सगळं सांगितलं, आवाज न चढवता. हेमांगी रस्त्यातच खाली बसल्या. अनिमेष गाडीत शिरले, काचांवरच बसले आणि गाडी काढली. मोरी मोकळी व्हायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

तानाजी मंगळवारी पहाटे गेला. मूत्रपिंडं बंद पडली होती. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आला असता तर कदाचित. कदाचित हा शब्द विमलाबाईंनी माझ्यासमोर कितीतरी जणांना सांगितला, आणि दर वेळी त्या त्याच शब्दाला थांबायच्या.

तेराव्यानंतर कलावती फाटकावर आली. लोकांनी तिला घरी बसायला सांगितलं होतं. ती टेबलाशी बसली आणि दिवसभर माझ्याकडे पाठ करून राहिली. संध्याकाळी विश्रामभाऊ आले. त्यांनी रडत माफी मागितली, की दर वाढवायचं मी सुचवलं. ती म्हणाली, “भाऊ, हात माझाही वर होता. ते बघत होते माझ्याकडं.”

ऑगस्टमध्ये अनिमेष एकटे आले. गाडी आत लावली, शंभर रुपये दिले, पावती घेतली आणि ती हातात धरून टेबलासमोर उभे राहिले. त्यांना ओळख सांगावी लागली नाही. मग म्हणाले, की झोप येत नाही, मी काय करू ते तुम्ही सांगा.

कलावतीने वही मिटली. “माफ केलं म्हणू मी? ते माझ्यानं नाही व्हायचं,” ती म्हणाली. “रविवारी मोरीवर उभे राहा. गाड्या आत घालायला सांगा लोकांना. तुमचं ऐकतील. माझं नाही ऐकत.”

ते आले. तीन रविवार पावसात मोरीवर उभे राहिले. लोक त्यांचं खरंच ऐकायचे. एकदा ठाण्याचाच कुणी त्यांच्याशी भांडला, जंगल काय तुमच्या बापाचं आहे का म्हणाला. अनिमेष गाडीपुढून हलले नाहीत. चौथ्या रविवारी आले नाहीत. पुढेही नाही. मी त्यांना वाईट म्हणत नाही. त्या मोरीवर दर रविवारी उभं राहणं सोपं नाही, आणि कलावतीला तर टेबलाशी बसून ती मोरी रोज दिसते.

सप्टेंबरात समिती पुन्हा बसली. कलावतीने सांगितलं, की गाडीचे पैसे घेणं बंद करा. पाइपाचं काय, असं एका बाईने विचारलं. पाइप तेव्हा अर्ध्या वाटेपर्यंत आला होता, पाड्यापासून वर दोन वळणांवर. तो तिथेच राहील, कलावती म्हणाली. कोणाला ते आवडलं नाही. पण तिच्यासमोर हात खाली ठेवायची कोणाची छाती झाली नाही.

मधु पेंटरला बोलावलं नाही. तिनेच पांढरा आणि हिरवा रंग आणला, गाडीची ओळ पुसली आणि ब्रशने वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, ‘गाडी आत लावा. पैसे नाहीत.’ ब्रश माझ्यावर टेकवून ती थोडा वेळ उभी राहिली. रंग ओघळला. तो ओघळ अजून आहे.

आज माझे पाय गंजलेत, एका कोपऱ्याला पत्रा वर आलाय, चढाईची ओळ फिकट झालीय. पाड्यातल्या बायका अजूनही दोन वळणं चढून अर्ध्या पाइपाशी हंडे लावतात. टेबलाशी आता सुदेश बसतो. कलावती रविवारी मोरीवर असते, हातात लाल फडकं घेऊन. तरीही कुणी ना कुणी मला वाचतं, फुकट आहे म्हणजे काहीतरी भानगड असेल असं म्हणतं, आणि गाडी बाहेरच सोडून निघून जातं.

तुम्ही कधी या बाजूला आलात तर मला फार वाचू नका. मोरीवर एक बाई हात दाखवेल. ती दाखवेल तिकडे गाडी घ्या. तिला का म्हणून विचारू नका. दर रविवारी तिला ते पहिल्यापासून सांगावं लागतं.