जड लागलं की झटका

"फिरव होडी! मरायचंय का?" दादा ओरडला, आणि पुढच्याच लाटेनं त्याच्या उघड्या तोंडात पाणी मारलं.

मी होडी फिरवली नाही. पन्नास वर्षांत थोरल्या भावाचं न ऐकण्याची ही पहिलीच वेळ. साडेनऊ वाजले होते. वहिनीची बस अकराला सुटते आणि दहा मिनिटांत तलावाच्या बांधावरून जाते. तोवर दादाला पाण्यावर धरून ठेवायचं होतं. या घरात आल्यापासून तीस वर्षांत वहिनीनं मला सांगितलेलं हे एकच काम.

"भाऊजी, तुम्ही काही बोलू नका, भांडू नका," सकाळी चहाचा कप पुढे करताना ती म्हणाली होती. तिची तीन बोटं पट्टीत होती. "मी बहिणीकडे जातेय. कायमची. फक्त अकरापर्यंत त्यांना परत आणू नका."

गुरुवारी शर्टाचं बटण तुटलेलं सापडलं म्हणून दादानं तिची बोटं ड्रॉवरमध्ये धरून ड्रॉवर लावला होता. मी मागच्या खोलीत होतो. हाड मोडल्याचा आवाज भिंतीतून ऐकू येतो. मी पोस्टात पत्रांवर शिक्के मारतो, म्हणून दादा मला शिक्क्या म्हणतो. त्या दिवशी शिक्क्या जेवला, ताट धुतलं आणि कान झाकून पडून राहिला. मला स्वतःची किळस आली होती, पण किळस येऊन माणूस उठतोच असं नाही.

दादाचं लेथचं दुकान घराच्याच तळमजल्यावर आहे. हा माणूस आठवडाभर घर सोडत नाही, रविवारी सकाळी तेवढा तलावावर येतो. आणि नेमका आज हा वारा! काल दिवसभर पाऊस कोसळला, मग आभाळ झाडून स्वच्छ झालं, आणि आता कान कापून नेईल असा वारा सुटला होता. अशा हवेत शहाणा माणूस गळ टाकत नाही. दादाला थांबवील असा एकच प्राणी होता, तो म्हणजे मासा.

बास हा मोठ्या तोंडाचा मासा. भूक असो नसो, समोर येईल त्यावर तुटून पडतो, स्वतःच्या पिल्लांनाही सोडत नाही. दादाचं आणि त्याचं म्हणूनच जमतं. पण थंड वाऱ्यात हाच मासा तळाच्या दगडांना पोट टेकून फुगून बसतो. मग त्याच्या नाकापुढे जिग न्यावं लागतं. जिग म्हणजे शिशाच्या जड डोक्याचा गळ, त्याला रबरी दोऱ्यांची झालर.

"सगळ्यात जड जिग लाव," मी म्हणालो. "झालर अर्धी काप. लाटा जिथे दगडांवर आपटतायत ना, तिथेच टाक. गळाच्या काठीचं टोक पाण्याजवळ ठेव, नाहीतर वाऱ्यानं दोरा फुगतो आणि हाताला काही कळत नाही. तळाला बसलं की वीतभर ओढायचं आणि दहा मोजायचे."

"तू मला शिकवणार?"

"नको तर चल घरी. सांगू लोकांना, वाऱ्याला घाबरून आलो."

हे वर्मी लागलं. दादा थुंकला आणि त्यानं काठी उचलली. मी पुढचा आणि मागचा, दोन्ही नांगर टाकून होडी बांधून घेतली.

त्याला दहा मोजणं कुठलं जमायला! दोनदा दोऱ्याला टकटक लागली, दोनदा त्यानं झटका मारला, दोन्ही वेळा गळ रिकामा आला. दुसऱ्यांदा त्यानं वल्हं उचलून माझ्या गुडघ्यावर हाणलं. गळ रिकामा येण्यात गुडघ्याचा दोष काय, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

"टकटक म्हणजे दगड, दादा," मी गुडघा धरून म्हणालो. "थंडीत मासा ओढत नाही, नुसता तोंडात धरून बसतो. ओल्या फडक्यासारखं जड लागलं की झटका. अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून."

"जड लागलं की झटका," दादा पुटपुटला. जोर लावायचा म्हटल्यावर त्याला पटलं.

सव्वादहाला जड लागलं. त्यानं असा झटका मारला की होडी एका अंगाला कलली. मासा वर आला, दादानं तो फळीवर आपटला आणि लोखंडी नळीनं डोक्यात घाव घातले. एक पुरला असता, त्यानं पाच घातले. रक्त माझ्या बुटांवर उडालं. दादा लहान मुलासारखा हसत होता, आणि मलाही आनंद झाला. तो आता थोडा वेळ थांबणार होता.

पण पुढचा मासा काही आला नाही. पावणेअकराला तो वैतागला. "हा शेवटचा," म्हणून उभा राहिला आणि टाकण्यासाठी त्यानं काठी मागे नेली. वाऱ्यानं जिग बाजूला ढकललं. गळाचं टोक माझ्या खांद्यात रुतलं. दादाला मागे जड लागलं. आणि त्यानं झटका मारला, अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून.

मी किंचाळत फळीवर पडलो. रेनकोट, शर्ट, कातडी, सगळ्यातून गळ आत गेला होता.

"अरे देवा," दादाचा चेहरा पांढरा पडला. "ऊठ. दवाखान्यात जाऊ." त्यानं नांगराचा दोर ओढायला घेतला.

दवाखाना बस स्टँडच्या समोर आहे. वहिनी या वेळी तिथेच बाकावर बसलेली असणार.

"दोरा काप," मी म्हणालो. "गळ राहू दे खांद्यात. दुसरं जिग बांध."

"डोकं फिरलंय तुझं?"

"मोठा मासा आहे तिथे, दादा. मला जाणवलाय. तो घेतल्याशिवाय मी येणार नाही."

"शिक्क्या, तुझ्यात दम आहे रे," दादा म्हणाला आणि त्यानं दोरा कापला.

मी एका हातानं काठी धरली. प्रत्येक लाटेला खांद्यातलं शिसं हलायचं आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. वीतभर ओढायचो, दहा मोजायचो. मी रडत होतो, आणि तोंडावर उडणाऱ्या पाण्यात ते खपून जात होतं.

शेवटी बांधावर बस दिसली. इतक्या लांबून खिडकीतलं माणूस दिसणं शक्य नव्हतं. तरी ती वळणापलीकडे जाईपर्यंत मी बघत होतो.

"आता गळ काढ," मी म्हणालो.

दादा गुडघ्यांवर बसला. गळाच्या वळणाला त्यानं जाड दोरा अडकवला, वरचा भाग अंगठ्यानं कातडीवर दाबला. "तिकडे बघ. लहानपणी तुझ्या पायातले काटे मीच काढायचो, आठवतं?" एक हिसका, आणि गळ बाहेर आला. त्यानं स्वतःचा मफलर काढून माझ्या खांद्याला बांधला. त्याची बोटं इतकी हलकी होती की मला ते सोसवेना.

"घरी गेलो की तिला जखम धुवायला सांगतो," वल्ही मारता मारता तो म्हणाला. मग पायाशी पडलेल्या माशाकडे बघून हसला. "केवढा आहे बघ. तिघांना पुरून उरेल."

"दोघांना," मी म्हणालो.

वारा होता. त्याला ऐकू गेलं नसेल असं वाटलं. मग वल्ही थांबली.